शेजारचे बंद घर, रस्त्यावरची ओम्नी आणि न दिलेला अर्ज

पत्र: सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका असून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील समुद्रकाठच्या एका लहान शहरात राहते. आमच्या घराला लागून असलेले कौलारू घर, तेथील काकी वारल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षे बंद आहे. त्यांचे दोन मुलगे मुंबईकडे असतात आणि मुलगी गोव्यात दिलेली आहे. सुरुवातीला गणपतीत घर उघडत असे. पाच वर्षांपूर्वी गणपतीही डोंबिवलीला नेला आणि तेव्हापासून कुलूप निघालेले नाही. गेल्या आषाढात मागच्या पडवीचे छप्पर बसले आणि आमच्या वाटेकडची भिंत पोट काढून पुढे आली आहे. अंगणात काकांच्या वेळची जीप सडते आहे, मागीलदारची विहीर उघडी आहे. घरासमोर, रस्त्याच्या कडेला, एक पांढरी ओम्नी चार वर्षांपासून उभी आहे. ती कोणाची, हे आळीत कोणालाच ठाऊक नाही. मागल्या भाद्रपदात माझ्या नातवाला डेंग्यू झाला. पालिकेत जाऊन सांगितले, तर 'जागा खासगी आहे' असे उत्तर मिळाले. पोलीस ठाण्यात सांगितले, तर 'पालिकेत जा' म्हणाले. काकींच्या थोरल्या मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, 'घर काय माझ्या एकट्याचा आसा?' माझा मुलगा म्हणतो, भंगारवाल्याला बोलावून दोन्ही गाड्या उचलून देऊ. पण ज्या काकींनी माझी दोन्ही बाळंतपणे केली, त्यांच्या मुलांवर लेखी तक्रार करायला माझा हात धजत नाही. मी काय करावे?

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातील शेवटच्या ओळींपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या साऱ्या गोष्टी तिथेच अडलेल्या आहेत. कायदा पुरेसा आहे, कार्यालये ठरलेली आहेत आणि वाटही फार अवघड नाही. अडले आहे ते तुमच्या हातातील पेनापाशी, आणि ते का अडले आहे हे मला आतून कळते. तरीही मी तुम्हाला लेखी अर्ज द्या असेच सांगणार आहे. तो अर्ज काकींच्या मुलांच्याही उपयोगाचा ठरेल असे मला वाटते, आणि तसे वाटण्याचे कारण माझ्या स्वतःच्या घरात घडलेले आहे.

माझे आजोळ खाडीकाठच्या एका गावात होते. मामा गेल्यावर घराला सात नावे लागली: मामेभाऊ, मावश्या आणि आई हयात नसल्यामुळे तिच्या जागी मी. सातही जणांना त्या घराविषयी माया होती, आणि सातांपैकी एकानेही नऊ वर्षांत एक कौल बदलले नाही. पुण्याच्या भावाला वाटे की, आपण पैसे घातले तर बाकीचे म्हणतील, हा घर गिळायला बसला आहे. मुंबईच्या भावाला वाटे की, जो गावाजवळ राहतो त्याने पाहावे. मला वाटे की, मी लग्न होऊन गेलेल्या मुलीची मुलगी, मी कोणत्या तोंडाने या विषयात बोलू. मग एका वैशाखात ग्रामपंचायतीची नोटीस आली. शेजारच्या वृद्ध आजोबांनी अर्ज दिला होता, कारण आमची भिंत त्यांच्या गोठ्यावर येणार असे दिसत होते. नोटिशीवर सात नावे एकाखाली एक टाईप केलेली होती. पाचवे माझे होते, आणि त्यात सासरच्या आडनावाऐवजी माहेरचे पडले होते. दोन दिवस मला त्या आजोबांचा राग आला, हे कबूल करते. तिसऱ्या दिवशी थोरल्या मामेभावाचा फोन आला. आम्ही सहा वर्षांनी एकमेकांशी बोलत होतो. नोटिशीत तीस दिवसांची मुदत होती आणि त्या मुदतीने नऊ वर्षांची कोंडी फोडली, कारण आता कोणी पुढाकार घेतला तरी तो लोभापायी घेतला असे म्हणायची कोणाला सोय राहिली नव्हती. पंचायतीने सांगितले आहे म्हणून करावे लागते आहे, एवढे कारण सातही जणांना पुरले.

सामाईक घराचे दुखणे नेमके हेच आहे, ताई. थोरल्या मुलाने तुम्हाला दिलेले उत्तर उर्मट वाटले असेल, पण त्याने खरी परिस्थिती सांगितली. घर त्याच्या एकट्याचे नाही आणि एकट्याच्या जबाबदारीवर हात घालायला तो भितो. मालमत्ता पत्रकावरील सगळ्या नावांना एकाच दिवशी, एकाच शब्दांत कोणीतरी विचारावे लागते, आणि ते काम शेजाऱ्याच्या फोनने होत नाही, नगरपरिषदेच्या कागदाने होते.

आता तुम्हाला दोन्ही ठिकाणांहून परत का पाठवले, ते पाहू. तुम्ही घर, जीप, ओम्नी आणि डास हे सगळे एका दमात आणि तोंडी सांगितले असणार. या प्रत्येक गोष्टीचा विचार करणारा टेबल वेगळा आहे, आणि तोंडी तक्रारीची कार्यालयात कोठेही नोंद राहत नाही. 'जागा खासगी आहे' हे उत्तर जीपपुरते बऱ्याच अंशी बरोबर आहे, ओम्नीबाबत पूर्ण चूक आहे आणि पोट काढलेल्या भिंतीबाबत तर अजिबात खरे नाही.

ओम्नीचे काम सर्वांत सोपे, म्हणून ते आधी करा. ती रस्त्यावर, म्हणजे सार्वजनिक जागी उभी आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 127 नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेले किंवा बेवारस उभे असलेले वाहन ओढून नेण्याचा आदेश हद्दीतील गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो; आणि मोडकळीस आलेले, जळालेले किंवा सुटे भाग काढलेले वाहन रहदारीला धोका ठरत असेल, तर ते तत्काळ हलवण्याची तरतूद त्याच कलमात आहे. ओढून नेण्याचा खर्च वाहनाच्या मालकाने सोसायचा असतो. तुमच्या आळीत ही गाडी दहा तास नव्हे, चार वर्षे उभी आहे. अर्ज पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे लिहा आणि त्याची प्रत नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना द्या, म्हणजे 'तिकडे जा' असे म्हणण्यास कोणाला जागा उरणार नाही. लहान शहरांत ठाण्याकडे गाडी ओढण्याचे वाहन किंवा ती ठेवण्याची जागा नसते आणि अनेकदा काम त्यापायीच थांबते. नगरपरिषदेचा ट्रॅक्टर किंवा एखादी मोकळी जागा त्यासाठी मिळू शकते, म्हणून अर्जात दोन्ही कार्यालयांनी मिळून कारवाई करावी अशी विनंती स्पष्ट करा.

अर्जात वाहनाचा क्रमांक, रंग, ते नेमके कोठे उभे आहे, त्यामुळे रस्त्याची किती रुंदी अडली आहे आणि गटाराचे तोंड दबले आहे काय, हे लिहा. क्रमांक घालून परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहिलेत, तर मालकाचे पूर्ण नाव दिसणार नाही, पण नोंदणीची आणि विम्याची मुदत समजेल. ती संपलेली असेल तर अर्जात नमूद करा. पाटीवर एमएच 07 असेल तर नोंद तुमच्याच जिल्ह्याची आहे, एमएच 08 असेल तर रत्नागिरीची. मालकाचा शोध त्या नोंदीवरून पोलिसांनी घ्यायचा आहे, तुम्ही घ्यायचा नाही.

तुमच्या मुलाला मात्र आजच सांगा की, भंगारवाल्याला बोलावू नये. त्याचा हेतू चांगला आहे, पण कोणाची आहे हे ठाऊक नसलेली गाडी चोरीची असू शकते, एखाद्या गुन्ह्यातील मुद्देमाल असू शकते किंवा तिच्यावर बँकेचा बोजा असू शकतो. ती विकून टाकणारा माणूस उद्या आरोपी म्हणून उभा राहतो, आणि चार वर्षे गाडी सोडून देणारा तक्रारदार होतो. जीपच्या बाबतीतही तेच. ती कितीही सडली तरी काकांच्या वारसांची मालमत्ता आहे, आणि कुलूपबंद अंगणात शिरून ती उचलणे हा गुन्हाच आहे.

ओम्नी त्या बंद घरासमोर का आली, याचा विचार तुम्ही केला असेल. ती कोणाची हे आळीत कोणालाच ठाऊक नाही, तरीही ती बरोबर काकींच्याच घरासमोर टाकली गेली. ज्या घरातून कोणी 'कोण रे तो?' असे ओरडत नाही, त्या घरासमोर माणसे आपली नकोशी वस्तू आणून ठेवतात: आधी राबीट, मग फुटके कमोड, मग गादी आणि शेवटी गाडी. म्हणून ओम्नी गेल्यावर त्या जागेवर दुसरे काही येऊन पडू नये यासाठी तेथे दिवा आणि फलक लावण्याची विनंतीही त्याच अर्जात करा.

नातवाच्या आजाराचा विषय वेगळ्या अर्जात, नगरपरिषदेच्या स्वच्छता विभागाकडे द्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, घराच्या आसपासच वावरतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. नारळाच्या करवंटीत मावेल एवढे पाणीही त्याला पुरते, आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात; आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो याच हिशेबाने. आता त्या ओम्नीकडे या दृष्टीने एकदा पाहा. बसलेल्या टायरच्या कडेत, फुटलेल्या मागच्या दिव्याच्या वाटीत, काच नसलेल्या खिडकीखालच्या रबराच्या खाचेत पाणी साचते, आणि कोकणातल्या पावसात ते चार महिने आटतच नाही. जीपच्या टपावर पन्हळ पडली असेल तर तेथेही तेच. या डासाची अंडी कोरड्या पृष्ठभागाला चिकटून कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून उन्हाळ्यात सुकलेली गाडी निर्धोक आहे असे समजू नका; पहिल्या पावसात तीच अंडी फुटतात. डबकी, विहिरी आणि घाण यांबाबत जागा खासगी असली तरी मालकाला नोटीस देण्याचे अधिकार नगरपरिषदेला आहेत, आणि जीपपर्यंत पालिकेचा हात पोहोचतो तो याच मार्गाने. वाहन म्हणून ती हलवता येणार नाही, पण डासांचे घर म्हणून तिच्यावर कारवाई होऊ शकते. नातवाच्या रक्ततपासणीच्या अहवालाची प्रत अर्जाला जोडा, आणि तपासणीस येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी विहिरीत गप्पी मासे सोडावेत अशी विनंती करा. हे मासे आरोग्य खात्याकडे असतात. अंगणातल्या रानातून उंदीर वाढले असतील तर तेही लिहा, कारण आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते आणि ते जंतू उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येतात. फुरसे वाटेवर येत असल्यास तेही सांगा, अतिशयोक्ती मात्र करू नका; एक खोटी ओळ सापडली की सात खऱ्या ओळींवरचा विश्वास जातो.

आता घराकडे येते, कारण जिवाला धोका तिथे आहे.

आपल्याकडील जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या असतात आणि पुष्कळ घरांत चिऱ्यांच्या सांध्यात चुन्याऐवजी मातीचा गारा भरलेला असतो. असे घर छपरामुळे टिकते. वळचण भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे असते, पागोळ्या दूर पडतात आणि भिंतीचा माथा कोरडा राहतो. तोवर तो मातीचा गारा शंभर वर्षेही दगड धरून ठेवतो. छप्पर बसले की पाणी भिंतीत वरून शिरते, गारा धुऊन जातो, चिरे जागच्या जागी सुटे होतात आणि मग भिंत पोट काढते. तुम्ही 'पोट काढून पुढे आली आहे' असे लिहिले आहे, त्याचा अर्थ असा की, आतला गारा गेल्या पावसाळ्यातच धुपला आहे. असे घर उन्हाळ्यात स्थिर उभे दिसते आणि माणसाची खात्री पटते की काही होत नाही. ते पडते पावसात, बहुधा रात्री, जेव्हा चिरा पाणी पिऊन जड झालेला असतो. म्हणून त्या वाटेने मुलांना पाठवू नका, आणि हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही; माझ्या आजोळची भिंत उतरवताना गवंड्याने वरचा चिरा हाताने उचलला आणि खालचे चार आपोआप सुटून आले, ते मी उभी राहून पाहिले आहे.

नगरपरिषदांना आणि नगरपंचायतींना लागू असलेला महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 याच्या कलम 195 मध्ये पडायला आलेल्या आणि धोकादायक इमारतींचा विषय आहे. अशी इमारत तेथे राहणाऱ्यांना किंवा शेजारून जाणाऱ्यांना धोकादायक असेल, तर ती पाडण्याची, दुरुस्त करण्याची किंवा सुरक्षित करण्याची लेखी नोटीस मालकाला देता येते. मालमत्ता खासगी असणे ही त्या कलमातील अडचण नाही. ते कलम खासगी घरांसाठीच आहे. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, राजापूर, चिपळूण, तसेच गुहागर, दापोली, देवगड-जामसंडे या साऱ्या ठिकाणी हाच अधिनियम चालतो. ग्रामपंचायत हद्दीतील वाचकांनी मात्र सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्याकडे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाखाली अर्ज द्यावा आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना पाठवावी.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे असावा. त्यात घर क्रमांक, ठाऊक असल्यास नगर भूमापन क्रमांक, धोका नेमका कोणत्या बाजूस आहे, त्या वाटेने रोज कोण जाते, आणि किती दिवसांपासून हे चालले आहे, एवढे लिहा. काकींच्या मुलांविषयी एकही कठोर शब्द घालू नका. 'मालक बेजबाबदार आहेत' हे वाक्य अर्जाच्या उपयोगाचे नसते आणि नात्याच्या तर मुळीच नसते. मी तुमच्या जागी असते तर मजकूर साधारण असा ठेवला असता: 'आमच्या घरालगतच्या घराची उत्तरेकडील भिंत सुमारे एक वीत पुढे झुकली असून मागील पडवीचे छप्पर गेल्या पावसाळ्यात कोसळले आहे. सदर वाटेने आळीतील मुले शाळेत जातात. घराचे मालक परगावी असतात. तरी पावसाळ्यापूर्वी जागेची पाहणी करून कलम 195 अन्वये योग्य ती कार्यवाही व्हावी आणि सर्व सहमालकांना कळवावे, ही विनंती.' दिशा आणि मापे तुमच्याकडील घाला. 'सर्व सहमालकांना' हे दोन शब्द विसरू नका; नोटीस एकट्या थोरल्याच्या नावे गेली, तर तो पुन्हा तेच उत्तर देईल.

छायाचित्रे रस्त्याच्या आणि स्वतःच्या आवाराच्या बाजूने काढा, कुंपणाच्या आत जाऊ नका. आळीतील दोन-चार घरांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम, न मिळाल्या तरी अडत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढचे सारे त्या आवक क्रमांकावर चालते. 'साहेब नाहीत, नंतर या' असे म्हणाले तर वाद न घालता घरी या आणि तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा.

पण पालिकेत जाण्याआधी, आदल्या संध्याकाळी, थोरल्याला, धाकट्याला आणि गोव्यातल्या बहिणीला, तिघांनाही वेगवेगळा फोन करा. परवानगी मागू नका आणि दम देऊ नका; आपण उद्या अर्ज देत आहोत एवढे सांगा. नोटीस अचानक हातात पडते तेव्हा माणसाला ती पाठीमागून मारलेली वाटते, आणि मला त्या आजोबांचा जो राग आला होता तो एवढ्याचसाठी आला होता. बहिणीला वगळू नका. माहेरच्या घरातील तिचा हक्क भावांइतकाच आहे, आणि अनेक घरांत असा प्रश्न तिच्याच मध्यस्थीने सुटतो.

फोनवर त्यांच्या तीन शंका निघतील, त्यांची उत्तरे तुमच्याकडे असू द्या. पहिली अशी की, घर पाडले तर जागा जाईल. जागा जात नाही; इमारत उतरवल्याने जमिनीवरील कोणाचेही नाव पुसले जात नाही. दुसरी अशी की, एकाने खर्च केला तर तो हक्क सांगेल. यासाठी तिघांनी मिळून साधे संमतीपत्र करावे, त्यात केवळ धोकादायक भाग उतरवण्यास संमती आहे आणि कोणाच्याही हिश्श्यावर त्याचा परिणाम होणार नाही असे लिहावे, खर्चाची आणि विक्रीची रक्कम कशी वाटायची तेही लिहावे आणि वकिलाकडून एकदा वाचून घ्यावे. जुन्या घराचे सामान फुकट जात नाही हेही त्यांना सांगा: चांगली मंगलोरी कौले, फणसाचे किंवा किंजळीचे वासे, भाल म्हणजे तुळया आणि न फुटलेले चिरे यांना आजही गिऱ्हाईक असते, आणि उतरवण्याच्या मजुरीतील बराच भाग त्यातून निघू शकतो, पावसात कोसळलेल्या घराचे मात्र काहीच हाती लागत नाही. संपूर्ण घर उतरवण्याची तयारी नसेल तर निदान पडवीचा राहिलेला भाग आणि ती भिंत उतरवून माजघरावर नवे छप्पर घालता येईल का, हे एखाद्या जाणत्या गवंड्याला दाखवावे. उत्तर ऐकायला बरे वाटणारे असेलच असे नाही, पण ते गवंड्याकडून आलेले असेल.

तिसरी शंका ते उघड बोलणार नाहीत, तुम्हीच ओळखून काढायला हवी. घरात देव आहेत. देवघराच्या कोनाड्यात मूळपुरुषाचा टाक किंवा नारळ असतो आणि ती वास्तू मोडली तर घराण्याला बाधेल, ही भीती मुंबईत तीस वर्षे राहिलेल्या माणसालाही सोडत नाही. ही भीती हसण्यावारी नेऊ नका. देव रीतीप्रमाणे हलवता येतात, आणि भर पावसात छपराखाली गाडले जाण्यापेक्षा भटजींना किंवा गुरवाला विचारून, गाऱ्हाणे घालून ते सन्मानाने नेणे कोणत्याही घराण्याला मानवेल. त्यांनी गणपती डोंबिवलीला नेला आहे, म्हणजे एकदा ते धैर्य त्यांनी केलेले आहे. हे त्यांना आठवण करून देण्याचा अधिकार तुम्हाला आहे, कारण त्या घरातल्या गणपतीची आरती तुम्हीही केलेली असणार.

जीपचेही त्याच बैठकीत होऊन जावे. नोंदणी मृत व्यक्तीच्या नावे असेल, तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती जोडून परिवहन कार्यालयात नमुना 31 भरून ती वारसाच्या नावे करता येते आणि मग 2021 च्या नियमांखाली नोंदणी झालेल्या भंगार केंद्रात देता येते. तेथे जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते, त्यावर नवीन वाहन घेताना करात सवलत मिळते, आणि मुख्य म्हणजे जुनी नोंदणी रद्द होते. नोंदणी रद्द न करता नुसता पत्रा विकला, तर कागदोपत्री ती जीप काकांच्या नावे धावतच राहते.

आता हे सारे करूनही काही हलले नाही तर काय, ते थोडक्यात सांगते. महिनाभरात पाहणी झाली नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली दहा रुपयांचे शुल्क भरून अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, पाहणी कोणी केली आणि नोटीस कोणाकोणाला गेली, एवढेच विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि पुष्कळदा उत्तर तयार करण्याच्या निमित्ताने पाहणी होऊन जाते. त्याच वेळी उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांत, यांच्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली अर्ज करता येतो. 1 जुलै 2024 पूर्वी हेच अधिकार जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 मध्ये होते. शेजारी राहणाऱ्यांना किंवा ये-जा करणाऱ्यांना इजा होईल अशा रीतीने पडायला आलेली इमारत किंवा झाड काढून टाकण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा सशर्त आदेश त्या कलमाखाली मालकाला देता येतो, आणि उघड्या विहिरीला कठडा घालण्याचा आदेशही त्यातच बसतो. दिवाणी दावा मी सुचवत नाही. त्याला वर्षे लागतात, आणि तुमच्याकडे दोन महिने आहेत.

विहिरीवर झाकण टाकण्यासाठी नोटिशीची वाट पाहू नका. तिघांपैकी एकाची संमती मोबाइलवर लेखी मागवून घ्या, तिचा उतारा जपून ठेवा आणि जाळी किंवा फळ्या टाकून घ्या. एवढी संमती थोरला नक्की देईल.

मृगाचा पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. नोटीस काढायला, ती डोंबिवली आणि गोव्यापर्यंत पोहोचायला, तिघांचे बोलणे व्हायला आणि गवंडी मिळायला लागणारे दिवस मागे मोजले, तर अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पालिकेत पोहोचलेला असायला हवा. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. त्यांच्या सुटीचे दिवस फोनवर विचारून ठेवा, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी निदान एक भाऊ अंगणात उभा असेल आणि कुलूप त्याच्याच हाताने निघेल. आवक क्रमांक मिळाला की मला कळवा.